पहिली वस्तू राखणदाराची

त्या उत्खननाचा अहवाल छापून आला तेव्हा त्यात आमच्याबद्दल एकच वाक्य होतं. मजुरांच्या अंधश्रद्धेमुळे एका महत्त्वाच्या वस्तूची मूळ जागा हलली, अशा अर्थाचं. इंग्रजीत होतं. ओळखीच्या एका मास्तरांकडून मी ते दोनदा वाचून घेतलं, दुसऱ्यांदा सावकाश. चार महिने आम्ही त्या जमिनीत गुडघे टेकून काम केलं होतं. त्याबद्दल अवाक्षर नाही. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. पण राग सांगायचा तर पूर्ण सांगावा लागतो, आणि मग त्यात माझ्या बाजूची घाणही येते.

मी पायाखोदाईचा मुकादम. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, मी गिरणीचं तोंड पाहिलं नाही. सोळाव्या वर्षी डोक्यावर घमेलं घेतलं आणि तिशीच्या आत बावीस माणसांची टोळी उभी केली. ऐंशीनंतरची ती वर्षं. गोरेगावपासून दहिसरपर्यंत रोज कुठे ना कुठे नवीन इमारतीचा पाया पडत होता. बिल्डर टोळी घेताना दोनच गोष्टी विचारायचा: हात किती जलद, आणि हात किती स्वच्छ. साइटवर सळ्या पडलेल्या असतात, सिमेंटच्या गोणी असतात, वायरची भेंडोळी असतात. एखाद्या टोळीला एकदा चोर म्हटलं की पुढच्या आठवड्यात ते सगळ्या उपनगरात पोचलेलं असायचं आणि त्या टोळीला कोणी उभं करत नसे. माझ्या बावीस माणसांची चूल त्या एका शब्दावर होती.

बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला एक उंचवटा होता. माझ्या नेहमीच्या बिल्डरने तो विकत घेतला. रस्ता कापताना विटांची भिंत लागली आणि तिच्याशेजारी भाजक्या मातीची कडी एकावर एक रचलेली जुनी विहीर. एका कॉलेजच्या लोकांनी अर्ज केला, बिल्डरने चार महिने दिले आणि खणायला माझी टोळी दिली. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे, असं आम्हाला सांगितलं गेलं.

खणणाऱ्यांचे प्रमुख ते सर. पन्नाशीचे, पुण्याकडचे, उन्हाची कापडी टोपी. तरुणपणी इटलीत शिकायला गेले होते. रोमन लोकांच्याही आधी तिथे एट्रुस्कन नावाचे लोक होते, त्यांचं एक गाव सरांनी दोन उन्हाळे खणलं होतं. ते गाव सरांच्या डोक्यातून कधी उतरलंच नाही. आमची चाळणी जोरात हलली की, "तिकडे मजूर असे धसमुसळे नसतात." चहाला दहा मिनिटं जास्त गेली की, "तिकडे शिट्टी वाजली की सगळे चरात." मला वाटायचं, मग आणा ना तिकडून.

तरी एक कबूल करतो, माणूस सांगायचा छान. एका दुपारी चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं, की ते लोक नवीन गाव वसवायचे तेव्हा आधी एक खड्डा खणून त्यात पहिलं धान्य, पहिली फळं टाकायचे, असं म्हणतात. खालच्या देवांचा वाटा. मग खड्डा बुजवून त्यावर गाव. सर ते इतक्या आदराने सांगत होते की त्यांचा चहा गार झाला.

माझी सख्खी मावशी टोळीत होती, साठीला आलेली. ती बायकांना म्हणाली, "म्हणजे ती आमचीच माणसा."

सगळ्या हसल्या. सरही हसले, पण वेगळ्या कारणाने.

चौथा चर आम्ही एका सोमवारी उघडला, विहिरीच्या उत्तरेला. दोरी बांधली, खुंट्या ठोकल्या, मी नारळ फोडला. सरांना नारळाचं काही नव्हतं, खोबरं तेही खायचे. सकाळी दहापर्यंत हातभर खोल गेलो, नुसती माती. मावशी थापी घेऊन उकिडवी बसली होती, शेजारी सरांची संशोधक विद्यार्थिनी. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. बाईंना मातीत आवळ्याएवढा एक गोळा दिसला. त्यांनी तो उचलला, पाण्याने पुसला, आणि हात वर करून सरांना दाखवला.

भाजक्या मातीचा शिक्का होता तो. एक बाजू सपाट, तिच्यावर उठलेली पाच-सहा अक्षरं. सर चरात गुडघ्यावर बसले. त्यांनी शिक्का उन्हाकडे धरला. म्हणाले, "ब्राह्मी. मालाच्या पोत्यावर मारायचा शिक्का असावा. म्हणजे ही नुसती वस्ती नाही, हे बंदर होतं."

शिक्का कापसावर ठेवून ट्रे चराच्या काठाला ठेवला. सर कॅमेऱ्यात रोल भरायला तंबूकडे गेले, बाई मापाची पट्टी आणायला. आमच्या बायका माती उचलत होत्या. दहा मिनिटांनी दोघं परत आली तेव्हा ट्रेमध्ये कापूस होता, शिक्का नव्हता.

आधी वाटलं घरंगळला असेल. घमेली उलटी केली, माती तीनदा चाळली. मग सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मुकादम, तुमच्या माणसांपैकी कोणीतरी उचललाय."

"आणि तुमच्यापैकी?"

"माझे विद्यार्थी असं करणार नाहीत."

"का? शिकलेली बोटं वाकत नाहीत?"

सरांचा चेहरा लाल झाला. माझाही झाला असणार. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता चौकीवर जातो. मी म्हणालो, जा, पोलीस आले की तुमचं खणणं महिनाभर बंद, आणि बिल्डरला तेच हवंय. ते थांबले. मला भाव करता येतो, समोरच्याला काय गमवायचं नाही ते आधी शोधायचं. तासभर नाही, संध्याकाळपर्यंत, असं करत करत पाच वाजेपर्यंतची मुदत मिळवली. पाचपर्यंत शिक्का ट्रेमध्ये दिसला नाही तर तक्रार, तीही टोळीच्या नावाने.

"पण झडती आत्ता घेणार," सर म्हणाले. "बायकांचीसुद्धा."

"घ्या. पण आधी माझी, मग तुमच्या मुलांची, मग आमची. आणि बायकांची झडती बाई घेतील, ताडपत्रीच्या मागे."

त्यांनी मान्य केलं. मी पँटचे खिसे बाहेर काढून उभा राहिलो. मग विद्यार्थ्यांच्या पिशव्या. एकाच्या पिशवीत तीन नक्षीची खापरं निघाली. तो म्हणाला, चित्र काढायला नेत होतो. आमची माणसं एकमेकांकडे पाहून खोकली. सर त्याला काही बोलले नाहीत. हीच खापरं आमच्या एखाद्याच्या धोतरात सापडली असती तर?

ताडपत्रीमागून बाईंचा आवाज येत होता, एकेकीच्या बटव्यातलं काय काय ते सांगत होत्या. मावशीच्या बटव्यात तंबाखू, चुन्याची डबी, चार तांदळाचे दाणे, एक सुकलेलं पान. मी ऐकलं. त्याचा अर्थ लावायला डोकं थंड लागतं, आणि माझं तेव्हा भट्टीसारखं होतं.

झडतीत काही निघालं नाही. मग सरांना आठवलं की आमच्या एका टिकाववाल्याने आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, असल्या वस्तूंना बाजारात काय मिळतं. हा माझ्या गावचा, माझ्याच वयाचा. टोळीतला पहिला माणूस. पहिल्या दिवशी आम्ही दोघंच होतो, एक टिकाव आणि एक घमेलं. दारू प्यायचा, पण कामावर कधी नाही. शिक्का गेला तेव्हा तो ट्रेच्या जवळच होता.

मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. त्याला वाटलं मी सरांना दाखवायला विचारतोय. तो हसला.

"खाल्ला ना यार. चहाबरोबर."

मी त्याच्या थोबाडीत मारली.

त्याची टोपी पडली होती ती त्याने उचलली, झटकली, आणि विहिरीपलीकडच्या ताडाखाली जाऊन बसला. घरी गेला असता, पण गेला असता तर चोर ठरला असता. हे त्यालाही कळत होतं, म्हणून बसला. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, शाबासकीसारखी. ती मान मला त्या थपडीपेक्षा जास्त लागली.

दुपारी कोणी नीट जेवलं नाही. डबे उघडले आणि बंद झाले. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं: चोरला का, कोणाला चोरताना पाहिलं का. प्रत्येकाने माझ्या डोळ्यात बघून नाही म्हटलं. मी बाजारात उभं आयुष्य काढलेला माणूस, खोटं मला वासाने कळतं. कोणी खोटं बोलत नव्हतं. त्यानेच मी जास्त घाबरलो. तीन वाजले. बिल्डरचा माणूस चारला फेरी मारायचा. त्याच्या कानावर गेलं की सगळं संपलं.

मी चौथ्या चरात उतरलो आणि कडेकडेने फिरायला लागलो, मातीत बोटं घालून. ईशान्येच्या कोपऱ्याकडे वळलो तशी वरून मावशी म्हणाली, "थंय पाय दिव नको."

मी खाली पाहिलं. कोपऱ्यातली माती थोडी दबलेली, आणि तिच्यावर तांदळाचे दोन पांढरे दाणे.

मला ते माहीत होतं. आमच्याकडे जमीन उघडली की माणसाच्या हातची जी पहिली वस्तू वर येते, ती त्या जागेच्या राखणदाराची, म्हणजे जमीन सांभाळणाऱ्या देवाची. पानात गुंडाळून, तांदूळ घालून, त्याच जमिनीच्या कोपऱ्यात परत ठेवायची. मग पुढचं सगळं आपलं. इमारतींच्या पायात ती वस्तू म्हणजे वाकडा खिळा नाहीतर कौलाचा तुकडा असायचा, कोण विचारतो? आधीच्या तीन चरांतही पहिली खापरं अशीच परत गेली होती. सरांनी मोजली नव्हती, हजारो खापरांत तीन. पहिल्या चराचं तर मी स्वतःच ठेवलं होतं. आणि दिलेलं कधी बोलून दाखवायचं नसतं. म्हणून मी दुपारभर "चोरला का" विचारत होतो आणि सगळे खरं उत्तर देत होते.

मी वर येऊन मावशीला बाजूला घेतलं.

"मावशे, काय केलंस हे?"

"काय केलंय? जेचा तेका दिलंय."

"अगं, सकाळपासून सगळे चोर ठरतायत. मी त्याला मारलं."

"तू मारलंस. मी सांगितलंय मार म्हणान?" तिने तंबाखू मळायचं थांबवलं नाही. "तुका म्हायत व्हता. तू इसारलंस. पँट घातलंस आणि इसारलंस."

"काढून दे."

"दिलेला काढूचा नसता."

"पाच वाजता पोलीस येतील. तुला नेतील."

"न्हेवंदेत."

मी आयुष्यात खडीवाल्यांशी, ट्रकवाल्यांशी, बिल्डरांशी भाव केले. मावशीएवढं कठीण गिऱ्हाईक मला भेटलं नाही. तिच्याकडे गमवण्यासारखं काही नव्हतंच. मी आवाज चढवला, तिने ऐकलं नाही. मी पाया पडलो, तिने पाय मागे घेतले. शेवटी तिनेच वाट काढली, तीही सौद्याचीच.

"गाऱ्हाणा घाल. सगळ्यांच्या म्होरं. तेचा घेतंस, तर तुझा काय तरी दी."

"नारळ देतो. दोन देतो."

"नारळ दिलेलो हा. तुझ्या अंगावरचा दी."

माझ्या अंगावर देण्यासारखं एकच होतं, मनगटावरचं घड्याळ. पहिला स्वतःचा पाया पुरा केला तेव्हा घेतलेलं.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. मला वाटलं ते हसतील, निदान सुटल्यासारखं करतील. ते म्हणाले, "ही काय अंधश्रद्धा आहे? कोपरा दाखवा, मी काढतो."

"तुम्ही हात लावलात तर उद्या एकही माणूस चरात उतरणार नाही. मीसुद्धा नाही."

"मुकादम, मला तुमच्या भुतांशी कर्तव्य नाही."

"इटलीतल्या खड्ड्यातल्या देवांशी होतं तेव्हा चहा गार झाला होता तुमचा."

ते माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "घड्याळ चरात पुरणार? पुढे कोणी खणलं तर काय समजेल?"

"समजेल की इथली माणसं वेळ पाळायची."

बाई तोंडावर हात ठेवून वळल्या. सरांनी घड्याळ बघितलं, स्वतःचं. चार वाजत आले होते. "दहा मिनिटं," म्हणाले.

मी कोपऱ्यात पायताण काढून उभा राहिलो. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी, वडिलांना यायचं, मला तुटक तुटक आठवत होतं. "बा जागेवाल्या, राखणदारा महाराजा," मी सुरुवात केली. वर काठावर अठरा-वीस माणसं, विद्यार्थी, सर. "तुझी वस्तू तुका दिली ती आज परत मागतंय. लेकरांच्या नावार डाग येता हा. तेच्या बदल्यात माझा हा घे. चुकला-माकला पोटात घाल, आणि जी काय बोलणी लागली ती दूर कर रे महाराजा."

"व्हय महाराजा," वरून एकदम आवाज आला. टोळीचा. ताडाखालूनही आला. तो उठून काठावर आला नव्हता, पण त्याने साथ दिली होती.

मी हाताने माती बाजूला केली. फणसाचं पान, त्यात तांदूळ, त्यात शिक्का. धड होता, अक्षरं जशीच्या तशी. त्या जागी घड्याळ ठेवून मी माती लोटली. बिल्डरचा माणूस यायच्या आत निभावलं. शिक्का सरांच्या तळहातावर दिला. सरांनी तो नीट पाहिला, फुंकर मारली, आणि म्हणाले, "याचा आता निम्मा उपयोग गेला. कोणत्या थरात होता, किती खोल होता, काही सांगता येणार नाही. हलवलात तुम्ही."

तेव्हा बाई पुढे आल्या. त्यांचा आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "सर, खोली मोजायच्या आधी मीच उचलला होता. घाईत."

"ते आपण नंतर बोलू," सर म्हणाले.

नंतर ते काय बोलले ते अहवालात दिसलंच.

मी म्हणालो, "सर, उपयोग तुमचा तुम्ही बघा. मला एकच हवंय. सकाळी सगळ्यांसमोर आम्हाला चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर म्हणा, चोरी झाली नव्हती."

"मिळाला ना? संपला विषय."

"माझा संपला नाही."

"गैरसमज झाला, मुकादम. कामाला लागा." आणि ते तंबूकडे गेले.

मी त्यांच्या मागे धावणार होतो. मावशीने माझं मनगट धरलं, जिथे घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता तिथे. म्हणाली, "तेका मगे बघ. आधी त्या ताडाखाली बघ."

ताडाखाली कोणी नव्हतं. गाऱ्हाणं संपलं तसा तो निघून गेला होता.

संध्याकाळी उजेड होता तोवर मी त्याच्या खोलीवर गेलो. तो बाहेर ओट्यावर बसून पायाची भेग तेलाने भरत होता. प्यायला नव्हता. मी उभाच राहिलो.

"चूक झाली," मी म्हणालो.

"बरं."

"उद्यापासून तू माझ्या जागी. अर्धी टोळी तुझ्या हाताखाली. नवीन साइट मिळाली की..."

"भाव करतोयस?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"सर परका आहे," तो म्हणाला. "त्याला काय माहीत मी कोण. तू मला पंधरा वर्षं ओळखतोस. हसलो म्हणून मारलंस. मी काय नेहमी हसतो तसाच हसलो ना?"

"हो."

"मारलंस कुठे? चरावर. सगळ्यांसमोर. माफी मागायला आलास कुठे? इथे, कोणी नाही तिथे." त्याने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "मला तुझी अर्धी टोळी नको. मारलंस तिथे बोल."

मला राग आला, तेही लिहायला हवं. मनात आलं, मी घड्याळ दिलं, सगळ्यांसमोर हात जोडले, अजून किती. त्याच्या दारातून परत फिरताना मी ठरवलं होतं की जाऊ दे, टिकाववाले पुष्कळ मिळतात. मुख्य रस्त्यापर्यंत आलो. तिथे लक्षात आलं की सरांकडे मी जे मागत होतो आणि जे त्यांनी दिलं नाही म्हणून मी जळत होतो, तेच हा माझ्याकडे मागतोय, आणि मीही सरांसारखाच पाठ फिरवून तंबूकडे चाललोय. परत गेलो. "सकाळी आठला ये," एवढंच म्हणालो. त्याने हो म्हटलं नाही.

तो आला. काठावर उभा राहिला, टिकाव हातात न घेता. टोळी चरात उतरायच्या बेतात होती, विद्यार्थी चटया पसरत होते, सर बादलीत खापरं धूत होते. मी काल जिथे त्याला मारलं होतं तिथे जाऊन उभा राहिलो.

"काल मी याला सगळ्यांसमोर मारलं," मी म्हणालो. आवाज मोठा काढला, रस्त्यावर जाईल एवढा. "याने काही चोरलं नव्हतं. टोळीत कोणीच काही चोरलं नव्हतं. हात माझा चुकला. तो माझ्याइतकाच जुना आणि माझ्यापेक्षा स्वच्छ माणूस आहे. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

टोळीतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून टिकाव उचलला, दांडा हातात फिरवून बघितला आणि चरात उतरला.

मी तिथेच उभा राहिलो, सरांकडे बघत. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, चार हातांवर तर होते. एक वाक्य बोलले असते तरी चाललं असतं. एकदा बादलीतला त्यांचा हात थांबला. मग त्यांनी दुसरं खापर घेतलं आणि ब्रशने घासायला लागले.